कोहमाऱ्याला डावीकडे वळलेली नौका

मुंबई

शिडाची नौका समुद्रातून जाते, असा वाचकांचा समज असेल तर तो बरोबर आहे. मात्र ती मुंबईहून विशाखापट्टणमला न्यायची असेल, मालकाचे गुडघे कामातून गेले असतील आणि श्रीलंकेला वळसा घालण्याची परवानगी त्याला मुलीने नाकारली असेल, तर ती ट्रेलरवरून जाते. ट्रेलर ठरवण्याचे काम माझ्याकडे आले. मालक, म्हणजे कॅप्टन, पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर मालवाहू जहाजे हाकारलेल्या या गृहस्थांचा असा समज आहे की, वृत्तपत्रात नोकरी केलेल्या माणसाच्या सगळीकडे ओळखी असतात. निवृत्तीनंतर त्यातल्या किती उरतात, हे मी त्यांना सांगितले नाही.

मुलीने विशाखापट्टणमला राहायला बोलावले, तेव्हा कॅप्टनने एकच अट घातली होती: नौकाही येईल. नौकेचे नाव नीलांबरी. लांबी तीस फुटांच्या आसपास. पोटाखाली शिशाचा जड कणा, ज्याला कील म्हणतात. पाण्यात तो नौकेला उभी ठेवतो आणि रस्त्यावर तिला आडवी पाडण्याची संधी शोधत असतो. डोलकाठी उतरवून नौकेच्या पाठीवर आडवी बांधली होती. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतल्या कारकुनाने मालाचा प्रकार विचारला. यंत्रसामग्री, शेतमाल की घरगुती सामान? कॅप्टनने ‘शिडाची नौका’ असे तीनदा सांगितले. कारकुनाने तिन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतले आणि ‘घरगुती सामान’ लिहिले.

विशाखापट्टणमच्या बंदरात नौका उचलायला क्रेन एकाच दिवशी मिळणार होती. ती चुकली तर पुढची तारीख संक्रांतीनंतर. त्यामुळे मार्गावर बैठक झाली. कॅप्टनने नकाशावर सोलापूर, हैदराबाद अशी रेघ ओढली होती. ट्रेलरचे ड्रायव्हर सेवकरामभाऊ तोवर गप्प होते. पन्नाशीचे, काटक, गळ्यात दुपट्टा. त्यांनी नकाशावर बोट ठेवले.

“हैदराबादकडून नका पाठवू साहेब. तिकडचे पूल बुटके हायेत. नागपूर-रायपूर करून खाली उतरू. रस्ता मोकळा.”

“लांब पडेल,” कॅप्टन म्हणाले.

“लांब हाय. पन जोखीम नाई.”

जन्मभर जवळच्या खडकाळ मार्गापेक्षा लांबच्या खोल पाण्यावर विश्वास ठेवलेल्या माणसाला हे लगेच पटले. त्यांनी वेळापत्रकात अडचणींसाठी एक दिवस राखीव ठेवला आणि विमानाने पुढे गेले. मालकाचा प्रतिनिधी म्हणून मी केबिनमध्ये बसलो.

कोहमारा

मुंबई ते साकोली या टप्प्यात वाचकांना उपयोगी पडेल असे काही घडले नाही. टोलनाक्यांवर लोकांनी नौकेसोबत फोटो काढले. अनेकांनी विचारले की समुद्र कुठे आहे, आणि मी पुढे बोट दाखवले.

साकोलीनंतर महामार्गाच्या दोन्ही बाजूंना धानाची शेते लागतात. दिवाळी होऊन गेली होती. कापणी अर्ध्यावर होती. कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे रचलेले ढीग, बांधांवर उभे होते. कोहमाऱ्याच्या चौकात रायपूर सरळ आहे, तशी मोठी पाटी आहे. सेवकरामभाऊंनी इंडिकेटर दिला आणि ट्रेलर डावीकडे घेतला.

“रायपूर सरळ आहे,” मी म्हणालो.

“सरळच हाय.”

“आपण डावीकडे वळलो.”

“वळलो.” त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, “उद्या आमच्या गावची मंडई हाय ना, साहेब.”

पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी खुलासा करणे भाग आहे. मंडई म्हणजे इथे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात प्रत्येक गावाची एकेका दिवशी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. दुकाने लागतात, दुपारी दंडार, म्हणजे लोकनाट्याची मंडळी, नाचते, रात्री नाटक होते. एका गावाची मंडई दुसऱ्या गावाच्या दिवशी नसते, कारण सगळ्यांना सगळीकडे जायचे असते. कामाधंद्याला पांगलेली माणसे या दिवशी घरी येतात, आणि आली नाहीत तर त्याची नोंद राहते. पुण्यात नातेवाईक भेटावेत म्हणून कुणाचे तरी लग्न व्हावे लागते. इथे नातेवाईक भेटतात म्हणून लग्ने होतात.

सेवकरामभाऊंचेही तेच होते. त्यांची मुलगी हेमलता गोरेगावला एका ई-सेवा केंद्रात काम करते. तिरोड्याकडचा एक मुलगा सुचवला गेला होता. तो तिथल्या वीज प्रकल्पात पाळीवर असतो. मुलाचे वडील हयात नाहीत, म्हणून सगळी बोलणी त्याच्या मामाकडे. हे मामा दोनदा घरी येऊन गेले.

“येकदा मी गुवाहाटीले होतो, येकदा गुजरातेत,” सेवकरामभाऊ म्हणाले. “मामा म्हनते, ज्या घरी बाप दिसत नाई त्या घरची पोरगी कशी करा? मंडईच्या दिवशी बाप दिसला तर बोलू, नाई तर आमी दुसरीकडं पाहू.”

“आणि मुलीला पसंत आहे?”

“फोटो पाह्यला. फोनवर बोलून राहिली. फोन ठेवला का येकटीच हासते. मंग पसंतच असन ना?”

मी मुंबईची बैठक आठवली. “म्हणजे हैदराबादकडचे ते पूल?”

“पूल हायेत ना तिकडं,” सेवकरामभाऊ म्हणाले. “बुटकेबी असतीन.”

मी कॅप्टनना फोन लावला आणि आपण गोरेगावच्या वाटेवर आहोत, असे सांगितले.

“अजून?” ते ओरडले. “मुंबईतच आहात?”

गोंदिया जिल्ह्यातही गोरेगाव आहे आणि ते तालुक्याचे ठिकाण आहे, हे सांगितल्यावर पलीकडे नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग मी मंडई आणि मामा यांचीही माहिती दिली.

“राखीव दिवस यासाठी नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता.”

“उद्या सूर्यास्ताच्या आत महामार्गावर परत. नाहीतर क्रेन गेली, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला सांगून या माणसाची गाडीही जाईल.”

हे वाक्य मी सेवकरामभाऊंना शब्दशः सांगितले. त्यांनी मान डोलावली. सूर्यास्ताला त्यांची हरकत नव्हती.

गोरेगावच्या आत, आदला दिवस

गावाचे नाव देत नाही. नात्यातली माणसे वाचतात.

गोरेगाव सोडून आतल्या रस्त्याला लागल्यावर माझी बढती झाली. केबिनमधून मी नौकेच्या पाठीवर गेलो. हातात वाळका बांबू. रस्त्यावर आडव्या आलेल्या केबलच्या आणि विजेच्या तारा उचलून नीलांबरीला खालून वाट करून द्यायची. वीज गेलेली होती. “रोजच जाते,” असे एका सायकलवाल्याने मला धीर देण्यासाठी सांगितले. धानाच्या शेतांवरून, झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर, शिडाच्या नौकेत उभे राहून मी संथ गतीने पुढे सरकत होतो. खाली बैलगाडीवाले बाजूला होऊन बघत होते. अशा प्रसंगी चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा, याचे प्रशिक्षण वृत्तपत्रात मिळत नाही.

गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान आहे. हैदराबादचे पूल बुटके म्हणून ज्या माणसाने देशाच्या मध्यातून वळसा घेतला, त्याच्या स्वतःच्या गावच्या कमानीखालून नौका जाईना. सेवकरामभाऊ खाली उतरले, कमानीकडे बघितले, नौकेकडे बघितले.

“गेल्या साली बांधली वाटते,” ते म्हणाले. “मी नोतो.”

ट्रेलर कमानीबाहेर, तलावाच्या बांधाखालच्या मैदानात लावला. मैदान अगदी रिकामे होते. ते का रिकामे आहे, याचा विचार आम्हा दोघांपैकी एकानेही केला नाही.

सेवकरामभाऊंच्या पत्नी यमुनाबाईंनी दारातच स्वागत केले. “वर्षातून दोनदा येते नवरा,” त्या मला म्हणाल्या, “तेबी लोकायचं सामान घेऊन.” मग कोंबडीचा रस्सा, भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे असे जेवण वाढले. भात नको म्हणण्याची सोय नव्हती. इथे भात हे जेवण आहे, आणि बाकीचे पदार्थ त्याच्या सोबतीला येतात. घरी आपण ‘आणखी थोडा?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. यमुनाबाई वाढायच्या आणि मग विचारायच्या, “पुण्यात जेवत नाई का?”

मंडई

सकाळी मैदान कुठे गेले ते समजेना. ट्रेलरच्या चारही बाजूंना दुकाने लागली होती. हीच मंडईची जागा होती. नीलांबरीच्या नाकाखाली जिलेबीची कढई. डाव्या बाजूला उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग. सुकाणूला फुग्यांचे घोस बांधले होते. आडव्या डोलकाठीवर लाउडस्पीकरचा भोंगा चढवला होता आणि त्यातून हरवलेल्या मुलांची नावे पुकारली जात होती. दंडारीचे नाचे ट्रेलरच्या कडेवर बसून चेहरे रंगवत होते. कीलवर कुणीतरी नारळ फोडून हळदीकुंकू वाहिले होते. गावात आलेल्या कुठल्याही मोठ्या यंत्राला नारळ मिळतो. मोटार पंपालाही मिळतो.

शिंगाडेवाल्या बाईंनी माझी मुलाखत घेतली.

“हे चालते कायनं?”

“वाऱ्यावर.”

“डिझेल नाई लागत?”

“शीड असल्यावर नाही.”

“मंग मालक गरीब असन बिचारा,” त्या म्हणाल्या आणि मला पावशेर शिंगाडे फुकट दिले. ते ताजे आणि गोड होते.

दहाच्या सुमारास मला एक बातमी कळली. सेवकरामने पोरीच्या आंदणात जहाज आणले आहे. सवयीने मी तिचा उगम शोधला. मला सांगणाऱ्याने जिलेबीवाल्याकडून ऐकले होते. जिलेबीवाल्याने फुगेवाल्याकडून. फुगेवाला म्हणाला, त्याने फक्त विचारले होते की आंदणाचे आहे काय. प्रश्न असा तीन तोंडांत उत्तर झाला होता. मोठ्या वृत्तपत्रांना याला अधिक वेळ लागतो.

दुपारी मामा आले. सोबत दोन वयस्क नातेवाईक, दोन मोटारसायकली. मामांचा शर्ट पांढरा, मिशा पांढऱ्या, शेती आणि धानाचा व्यापार. ते आधी मैदानात थांबून नौकेभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मग अंगणात खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि सरळ मुद्द्यावर आले.

“सेवकरामभाऊ, येक बोलू का? राग नका मानू. येवढं आंदण आमाले नको.”

सेवकरामभाऊंनी गळ्यातला दुपट्टा सारखा केला.

“आमच्याकडं ठेवाव कुठं?” मामा पुढे म्हणाले. “आंगनात पुंजणे हायेत. तलाव लहान. उन्हाळ्यात आटते. लोक हासतीन.”

सेवकरामभाऊंनी नकार द्यायला हवा होता, तो त्यांनी काही क्षण दिला नाही. ज्याच्या गैरहजेरीची दोनदा चर्चा झाली, त्याच्या ऐपतीची पहिल्यांदा चर्चा होत होती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा त्या वेळी तरी ड्रायव्हरचा नव्हता.

मामा माझ्याकडे वळले. “तुमी कोन?”

मी कोण, नौका कोणाची, कुठे चालली आहे आणि सूर्यास्ताच्या आत महामार्गावर का पोहोचायला हवे, हे मी चार वाक्यांत सांगितले. चार वाक्यांत सगळे सांगता येणे हा आमच्या धंद्यातला गुण मानला जातो. अंगणात तो कुणाला आवडल्याचे दिसले नाही.

“म्हंजे,” मामा सावकाश म्हणाले, “दुसऱ्याचा माल रस्त्यातून फिरवून घरी आणला.”

“तुमीच म्हनलं ना मामाजी,” सेवकरामभाऊ म्हणाले, “बाप दिसला पायजे.”

“दिसला पायजे म्हनलं. पळवून आणा म्हनलं का? अन् आता चाललेबी? संध्याकाळी आमचे बाकीचे लोक येऊन राहिले. तवा बसून बोलनं होईन. आता उठून गेले तर समजा, झालं.”

सेवकरामभाऊंनी माझ्याकडे पाहिले. संध्याकाळपर्यंत थांबले तर नौका आणि गाडी जाणार. निघाले तर मुलीचे लग्न. मी घड्याळाकडे पाहिले. बोलण्यासारखे काही नसले की घड्याळ उपयोगी पडते.

हेमलता चहा घेऊन बाहेर आली. आतून सगळे ऐकू येत होते, कारण मध्ये फक्त पडदा होता. तिने मामांच्या हातात कप दिला आणि तिथेच उभी राहिली.

“मामाजी, पोरगा काऊन नाई आला?”

“त्याची शिफ्ट हाय ना, बाई.”

“मागच्या दोन खेपेले?”

“शिफ्टच होती. लाइन बंद ठेवता येते का?”

“मंग जहाज ठेवता येते का?” हेमलता म्हणाली. “त्याची ड्युटी ते ड्युटी, अन् माह्या बाबाची ते पळून जानं? पोरगा तीनदा नाई आला, ते चालते. बाप दोनदा नोता, तर पोरगी कशी करा म्हनता.”

“बोलू नको वं,” यमुनाबाई आतून म्हणाल्या. पण फार जोर लावून नाही.

सोबतच्या दोन नातेवाइकांपैकी एकाला चहाचा ठसका लागला. तो हसत होता, हे मामा सोडून सगळ्यांना दिसले. मामांनी कप खाटेखाली ठेवला. हेमलताने त्यांच्या उत्तराची वाट पाहिली नाही.

“बाबा, गाडी काढा,” ती म्हणाली. “मी काही आज रात्रीच मरून नाई राहिली. गाडी गेली तर खासान काय?”

सेवकरामभाऊ उठले.

परत कोहमाऱ्याला

मंडईच्या मधोमध अडकलेला ट्रेलर काढायचा म्हणजे मंडई हलवायची. भोंग्यावरून विनंती झाली. शिंगाडे हलले, फुगे सुटले, दंडारीचे नाचे अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्यांनी खाली उतरले. जिलेबीवाला हलेना. “तेल गरम हाय,” तो म्हणाला. खरेच होते. कढई थंड होईपर्यंत थांबावे लागले, आणि तो तेवढ्यात उरलेल्या पिठाच्या जिलेब्या काढत राहिला, त्यामुळे ती थंड होईना. शेवटी चौघांनी कढई, चूल आणि जिलेबीवाल्याचा राग असे सगळे उचलून बाजूला ठेवले. माझ्या हातात कागदात बांधलेल्या जिलेब्या आल्या. त्या कुणी दिल्या ते कळले नाही.

मामा मोटारसायकलकडे निघाले होते. यमुनाबाई कमानीखाली उभ्या होत्या, हेमलता त्यांच्यामागे. सेवकरामभाऊंनी त्यांच्याकडे पाहायचे टाळले आणि इंजिन चालू केले. मामांनी मोटारसायकलची किल्ली सोबतच्या माणसाच्या हाती दिली, चपला काढल्या आणि शिडीवरून नौकेवर चढले.

“बांबू कुठं हाय?” त्यांनी मला विचारले.

मी दिला.

“तुमाले नाई जमत,” ते म्हणाले. “गावात सांगत होते. अन् बोलनं अर्धं राह्यलं हाय. कोहमाऱ्यापावेतो होईन.”

अशा रीतीने लग्नाची बोलणी चालत्या ट्रेलरवर झाली. एक पक्ष केबिनमध्ये, दुसरा नौकेच्या पाठीवर हातात बांबू घेऊन, आणि मी मधल्या शिडीवर निरोप्या. खिडकीतून सेवकरामभाऊ ओरडायचे, वरून मामा.

“पोरगी नोकरी सोडनार नाई!”

“आमालेबी सोडवायची नाई! थांबा, तार!”

ट्रेलर थांबायचा. तार वर जायची. नौका खालून सरकायची.

“घरी कोन कोन हायेत?” सेवकरामभाऊंचा प्रश्न.

“तिची सासू! अन् मी! मी बाजूलेच राहतो!”

“हे पोरीले सांगायले पायजे का?” सेवकरामभाऊंनी मला हळूच विचारले. मी हा प्रश्न वर पोहोचवला नाही. प्रवासात मी गाळलेला तो एकमेव मजकूर.

मामा तारा उत्तम उचलत होते. वाटेत एका गावात कुणीतरी त्यांना ओळखले आणि खालून विचारले, “कुठं चालले, मामा?” मामांनी सहज सांगितले, “समुद्राले.”

कोहमाऱ्याच्या चौकात आलो, तेव्हा सूर्य पुंजण्यांच्या वर होता. मामा उतरले, धोतर झटकले आणि केबिनच्या खिडकीशी आले.

“आमच्याकडून पक्कं समजा, इवाई.”

व्याही हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. सेवकरामभाऊंनी दुपट्ट्याने तोंड पुसले आणि घरी फोन लावला. स्पीकर चालू होता.

“हेमा, मामाजी पक्कं म्हनते.”

“त्यायचं पक्कं झालं, बरं झालं,” हेमलताचा आवाज आला. “माह्यं मी पोरगा घरी येऊन बसन तवा सांगीन.”

मामांनी फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी काहीच लिहून घेत नाही, याची त्यांनी खात्री करून घेतली असावी. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला, चौकातल्या चहाच्या टपरीमागे गेले आणि भाच्याशी बोलू लागले. आम्ही सरळ रस्त्याला लागलो, तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता. “रजा म्हनजे काय असते ठाऊक हाय का तुले?”

नीलांबरी ठरलेल्या दिवशी विशाखापट्टणमला क्रेनखाली पोहोचली. कॅप्टनने कीलवरचे हळदीकुंकू पाहिले आणि ते कोणत्या बंदराचे, असे विचारले नाही.

तिरोडा ते गोरेगाव हे अंतर मोटारसायकलने तासाभराचे आहे. मुलाला ते कापायला डिसेंबर उजाडला. यमुनाबाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे तो इस्त्रीच्या शर्टात आला आणि मामाच्या शेजारी खाटेवर बसला. हेमलताने चहा दिला, समोर खुर्ची घेतली आणि त्याला पाळ्यांचे वेळापत्रक विचारले. रात्रपाळी किती असते, रजा कशी मिळते, अडीअडचणीला घरी यायला किती वेळ लागतो. त्याने नीट उत्तरे दिली. जी येत नव्हती ती येत नाहीत म्हणाला. तिने तिथेच हो म्हटले.

सेवकरामभाऊ त्या दिवशी ओडिशात कुठेतरी होते. मामांनी विचारले नाही.